पौषातली जोडी

पौषात लग्नकार्य करू नये, हे आम्हांला ठाऊक होते. माशांची जोडीही जमवू नये, हे शेजारच्या अक्कांकडून कळले. गड्ड्याची यात्रा चार दिवसांवर आली होती, रात्री नंदीध्वज पेलण्याचा सराव चालू होता, आणि आम्ही पुण्याहून प्राणवायू भरलेल्या दोन पिशव्यांतून दोन क्लाउनफिश घेऊन शुक्रवार पेठेतल्या घरी परतलो होतो. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. एक दोन इंचांना थोडा कमी, दुसरा सव्वा इंचाचा. अक्का पिशवीत डोकावून म्हणाल्या, “पौषात कोण जोडी लावतंय हो?” मग स्वतःच हसून म्हणाल्या, “लागतंय की पण. आपल्या सिद्धरामाचं लागतंयच की.”

अक्कांचे म्हणणे खरे होते. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याचा हट्ट एका कुंभारकन्येने धरला. ते विरक्त. त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास तिला अनुमती दिली, अशी ही कथा. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघालेले सात नंदीध्वज कट्ट्याशी येतात आणि पांढऱ्या बाराबंदीतला समुदाय अक्षता टाकतो. या विवाहात वधूवर काही बोलत नाहीत. त्या नात्याचा अर्थ भोवतालच्या माणसांनी लावायचा, पिढ्यान्‌पिढ्या लावत राहायचा. आमच्या टाकीपुढे आमची अवस्था काहीशी तशीच होणार होती, फक्त अर्थ लावण्याची आमची घाई फार मोठी होती.

समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजण्याची सवय असलेले गाव. अशा ठिकाणी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणे हा शौक की वेडेपणा, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली होती. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने मीठ विरघळवून, तापमान सव्वीस अंशांवर ठेवून आम्ही कित्येक आठवडे रिकामी टाकी सांभाळली. पाण्याचा अभ्यास झाला होता. माशांचा व्हायचा होता.

पहिल्या दिवशी दोघे टाकीच्या वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून राहिले. दुसऱ्या दिवशी मोठ्याने पाठलाग सुरू केला. तो धाकट्याच्या अंगावर धावे आणि त्याच्या शेपटीचा चावा घेई. मग जे घडे ते पाहून आमच्या पोटात गोळा येई. धाकटा एका कुशीवर कलंडे आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरू लागे, जणू फेफरे आले आहे. दोन-तीन क्षणांत सावरून पुन्हा पोहू लागे. तासाभरात असे पाच-सहा वेळा झाले.

आम्हां दोघांत लगेच दोन पक्ष पडले. एकाच्या मते धाकटा आजारी होता. दुसऱ्याच्या मते तो भयाने अर्धमेला झाला होता. एका गोष्टीवर मात्र आमचे एकमत होते. मोठा तो नवरा, धाकटी ती नवरी, आणि आमच्या डोळ्यांदेखत एका नव्या संसारात जाच चालला आहे. जुन्या पेठेतल्या वाड्यांत लहानाचे मोठे झालेल्या माणसांना हे चित्र परके नव्हते. भिंतीपलीकडचे आवाज ऐकून न ऐकल्यासारखे करणारी माणसे आम्ही पाहिली होती. आपण तसे वागायचे नाही, असे ठरवून आम्ही एका प्लास्टिकच्या डब्याला भोके पाडली आणि धाकट्याला त्यात ठेवून डबा टाकीतच टांगला.

तीन दिवस धाकट्याने नीट खाल्ले नाही. मोठा डब्याभोवती घिरट्या घालत राहिला. चौथ्या दिवशी डबा उघडला, तेव्हा सारे पहिल्यापासून सुरू झाले, आणि अधिक जोराने. आमच्या दयेचे फळ एवढेच, की जो वाद मिटत आला होता तो आम्ही पुन्हा उकरून काढला होता. पण हे तेव्हा कळले नाही. आम्ही पुस्तके आणि शोधनिबंध शोधू लागलो ते त्यानंतर.

हे मासे नर म्हणून किंवा मादी म्हणून वाढीला लागत नाहीत. पिलांच्या जननग्रंथीत दोन्ही शक्यता असतात. समुद्रफुलाच्या आश्रयाने राहणाऱ्या गटात सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखालचा तो नर, आणि बाकीचे जननक्षम न होता वाट पाहणारे. मादी मेली की नर मादी होतो आणि खालचा एक नर होतो. हान्स आणि सिमोने फ्रिक यांनी १९७७ साली ‘नेचर’मध्ये हे मांडले. हा प्रवास एकाच दिशेचा आहे, मादी पुन्हा नर होत नाही. म्हणूनच दोन माद्या एका टाकीत पडल्या तर जबड्यात जबडा अडकवून जिवावर उठतात. तिथे डबा खरोखरच हवा.

आमचा ‘नवरा’ ही होणारी मादी होती. ही बातमी घरी येणाऱ्यांना सांगितली तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडली. काल ज्या पाहुण्यांनी पाठलाग पाहून “अरेरे” म्हटले होते, तेच आज हसू लागले. “म्हणजे बायको वरचढ!” चावा तोच, शेपटी तीच, थरथर तीच. नावे उलटताच अत्याचाराचे प्रहसन झाले. आम्ही त्या हसण्यात सामील झालो नाही असे म्हणता येणार नाही. पण त्या रात्री दोघेही अस्वस्थ होतो. आमचा कालचा संताप आणि आजचे हसू या दोहोंचा त्या माशांशी काही संबंध नव्हता. दोन्ही आम्ही घरातून, शेजारातून, ऐकलेल्या विनोदांतून आणले होते.

मग आम्ही नावे बाजूला ठेवून केवळ पाहायचे ठरवले. वही घेतली आणि धाकटा थरथरल्यानंतर मोठा काय करतो, एवढेच टिपू लागलो. इतके दिवस आम्ही नेमके तेच पाहिले नव्हते, कारण आमची नजर धाकट्यावरून हलत नव्हती. मोठा थांबत होता. जवळजवळ प्रत्येक वेळी, थरथर सुरू होताच तो वळून दूर जात होता. आमचे फेफरे हे एक पुरे वाक्य होते. मी तुझा प्रतिस्पर्धी नाही, असे त्यात सांगितले जात होते आणि ते ऐकले जात होते. त्याला आवाजही असतो. लिएज विद्यापीठाच्या एरिक पार्मांतिए आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले, की हे मासे जबडा झटकन मिटून दातांवर दात आपटतात आणि त्यातून आवाज काढतात. धमकीचा आवाज वेगळा आणि डोके हलवत केलेल्या शरणागतीचा वेगळा, हेही पुढच्या अभ्यासांतून पुढे आले.

हा करार शरीरावरही लिहिला जातो. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतील माशांवरून २००३ साली दाखवले, की खालच्या क्रमांकाचा मासा आपली वाढ आवरून धरतो आणि वरच्याच्या सुमारे ८० टक्के मापाचा राहतो. त्याच देशातल्या किम्बे उपसागरात २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत मोजलेल्या १३४ माशांपैकी १०१ मासे आखडून लहान झाले, आणि ज्या जोड्या एकत्र आखडल्या त्यांची तगण्याची शक्यता वाढली, असा निबंध २०२५ साली प्रसिद्ध झाला. वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला आणि टाकीवर पंखा लावून आम्ही बाष्पीभवनाने पाणी थंड ठेवण्याची धडपड करत होतो, तेव्हा त्या जोड्यांची आठवण रोज होई.

यातून माणसांसाठी धडा काढण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण तो धडा फार सोयीचा आहे. नमते घेतले की संसार सुखाचा होतो, हे ऐकवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, आणि त्यांच्या हाती आणखी एक दाखला द्यावा अशी आमची इच्छा नाही. माशांच्या व्यवहारात शरण येताच चावा थांबतो. ज्या घरात तो थांबत नाही, तिथल्या गोष्टीला या माशांची साक्ष काढता येणार नाही. टाकीतही निकष हाच. पर फाटत असतील, धाकटा खात नसेल, थरथरल्यावरही सुटका नसेल, तर वेगळे करायलाच हवे. दया चुकीची नव्हती. ती पाहण्याच्या आधी आली, एवढेच चुकले.

फाल्गुनात आम्ही टाकीत कुंभारवाड्यातली एक न रंगवलेली मातीची कुंडी आडवी ठेवली. पैदास केंद्रात जन्मलेल्या या माशांनी समुद्रफूल कधी पाहिलेले नाही. आधी ते हीटरच्या काचेला अंग घासत, मग पंपाच्या झोतात शिरत. त्यांच्या या चाळ्यांनीही आम्हांला घोर लावला होता, पण ती केवळ घराची शोधाशोध होती. आठवडाभर दोघांनी कुंडीकडे पाहिलेही नाही. नंतर एका रात्री दिवा मालवताना दोघे तिच्यात अंगाला अंग लावून निजलेले दिसले.

आता पुन्हा पौष आला आहे. अंडी अजून घातलेली नाहीत. त्याला आणखी वर्ष लागेल, कदाचित अधिक. मादी चांगली तीन इंचांची झाली आहे आणि धाकटा त्याच्या हिशेबाने मागे आहे. परवा अक्का तिळगुळाची तयारी विचारायला आल्या आणि टाकीपुढे थांबल्या. धाकटा नेमका तेव्हाच कुशीवर कलंडून थरथरला. “अगंबाई, ह्याला काय होतंय?” त्यांनी विचारले. आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि म्हटले, “अक्का, त्याच्याकडे नका बघू. ती काय करते ते बघा.”