दप्तर, डायरी आणि फाईव्ह एस

मराठी विभागासाठी लेख देणार म्हटल्यावर माझी रूममेट हसून हसून लोळलीच. तिचंही बरोबर आहे म्हणा! दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. 'एकोणसत्तर' की 'एकोणऐंशी' हे मला अजूनही बोटं मोजून ठरवावं लागतं. पण हा लेख मराठीतच व्हायला हवा होता, कारण ज्यांच्याबद्दल तो आहे त्या मावशींना तो स्वतः वाचता यायला हवा. (आणि हो, लिहायच्या आधी मायलेकांची रीतसर परवानगी घेतली आहे!)

मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींचा मुलगा सहावीत आहे. संध्याकाळी शाळेतून सरळ मेसमध्ये येतो, म्हणून सगळ्या जणी त्याला 'ज्युनिअर' म्हणतात. इंग्लिश मीडियम, चुणचुणीत पोरगा. बुद्धिबळात आमच्या मजल्यावरच्या निम्म्या मुलींना त्याने हरवलंय.

गेल्या वर्षी पहिल्या युनिट टेस्टनंतर एका दुपारी मावशी त्याची डायरी घेऊन माझ्याकडे आल्या. "ताई, तुम्ही कानव्हेंटच्या ना? जरा वाचा बघू काय लिहिलंय. मी नुसती सही करते." मी वाचलं. 'होमवर्क इनकम्प्लीट.' 'बुक नॉट ब्रॉट.' 'वर्क इनकम्प्लीट.' दीड महिन्यात असे अकरा शेरे! ज्युनिअर आईला वाचून दाखवताना त्यातला 'इन' तेवढा गाळायचा आणि 'नॉट' गिळून टाकायचा. डोकं आहे की नाही बघा!

मावशींना मात्र हसू आलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मला जमत नाही ताई. जूनमध्ये गावी आजीकडे पाठवून देते. तिथे मराठी शाळा आहे, निदान कुणाला वाचता तरी येईल." पोरगा दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता.

खरं तर या वयाची अडचण साधी आहे, पण कुणी ती मोजत नाही. चौथीपर्यंत बहुतेक एकच बाई सगळं शिकवतात आणि सगळं लक्षात ठेवतात. पाचवी-सहावीत एकदम सात-आठ विषय, सात-आठ शिक्षक, प्रत्येकाची वही वेगळी, सबमिशनची तारीख वेगळी. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी डोक्यात धरू शकतो. नंतरच्या संशोधकांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. शिवाय नियोजन करणारा मेंदूचा पुढचा भाग सगळ्यात शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो. म्हणजे आपलंही काम अजून चालूच आहे! ज्यांची जर्नल्स सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण होतात त्यांनी हे कारण वापरून बघावं. एच.ओ.डी. सर ऐकतील याची गॅरंटी नाही.

तर अकरा वर्षांच्या मुलाला नुसतं 'नीट राहा' म्हणणं म्हणजे ड्रॉइंग न देता जॉब बनवायला सांगणं. त्याला सिस्टिम हवी. आणि सिस्टिम आपल्याला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये शिकवली होतीच : जपानी कारखान्यांची फाईव्ह एस. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. व्हायवासाठी पाठ केलेली ही नावं एवढ्या कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

सेइरी म्हणजे नको ते काढणं. मेसच्या भाजीच्या काट्यावर आधी दप्तर ठेवलं, मग ज्युनिअरला उभं केलं. दप्तर सहा किलो आठशे, पोरगा छत्तीस किलो. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणाप्रमाणे दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे तीन किलो सहाशे. आतून निघालं काय? पाचवीची भूगोलाची वही, डब्याची दोन झाकणं, एक गारगोटी, तीन कंपासपेट्या आणि कर्कटक एकाही पेटीत नाही! सगळं साफ केल्यावर काटा चार किलो शंभरवर आला. नियमापेक्षा अर्धा किलो अजून जास्तच, पण तो सरकारलाही कुठे आटोक्यात आणता आलाय? २०२३-२४ पासून पुस्तकांतच कोरी पानं घालून बघितली, मुलं वह्या नेतच राहिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला.

सेइतोन म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा. वर्कशॉपमध्ये बोर्डवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, पाना नसला की लांबूनच कळतं. तेच इथे केलं. शाळेचा नियम ब्राऊन पेपरचा, म्हणून कव्हर तसंच ठेवून वहीच्या कडेला रंगीत टेप लावली. गणित लाल, विज्ञान हिरवं, इतिहास-भूगोल पिवळं. पुठ्ठ्यावर वेळापत्रकही रंगांच्या पट्ट्यांनीच केलं आणि ते दाराच्या मागे चिकटवलं. घरी टोमॅटोचा एक रिकामा क्रेट ठेवला. वह्या तिथेच, दुसरीकडे कुठेही नाही.

आणि इथे खरी गंमत झाली. इंग्लिश न वाचता येणाऱ्या मावशी रात्री झोपायच्या आधी पुठ्ठ्याकडे बघून म्हणायला लागल्या, "उद्या हिरवी कुठाय रे?" पोरगा चाट! इतके दिवस आईला फसवणं सोपं होतं, आता आईला दप्तर वाचता यायला लागलं. दप्तर रात्रीच भरायचं हा नियम त्यांचाच, कारण पहाटे पाचला त्यांना मेसमध्ये यावं लागतं.

पण घर एकटं पुरत नाही. होमवर्क डायरीत उतरलाच नाही तर रात्री तपासणार काय? शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पण फोन मावशींकडे आणि मेसेज इंग्लिशमध्ये. म्हणून ओपन डेला मी मावशींबरोबर गेले. वर्गशिक्षिकेच्या वर्गात साठ मुलं. मला वाटलं होतं बाई चिडतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटायचं घरी कुणी बघतच नाही." आणि मावशींना इतके दिवस वाटत होतं, शाळेत सगळं ठीक चाललंय! दोघींच्या मध्ये एक 'इन' गाळणारा पोरगा, बस.

बाईंनी दोनच गोष्टी कबूल केल्या. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात होमवर्क दिवसभर तसाच राहील आणि शेवटची दोन मिनिटं सगळा वर्ग तो उतरवून घेईल. दुसरी गोष्ट त्यांनीच सुचवली : ज्युनिअरच्या डायरीतला शेरा त्या मराठीत लिहितील.

मग राहिलं सेइसो, सेइकेत्सु आणि सगळ्यात अवघड ते शित्सुके, म्हणजे कुणी बघत नसतानाही ते करणं. पहिला महिना मी रोज बघायचे. मग आठवड्यातून दोनदा, मग फक्त रविवारी. आधार हळूहळूच काढायचा असतो. स्लॅब भरल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी सेंटरिंग काढतं का? दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं कोसळलं होतं, क्रेटमध्ये चक्क फटाक्यांचे खोके! पुन्हा सेइरीपासून सुरुवात. माझ्या पी.एल.मध्ये मात्र मी फिरकलेसुद्धा नाही आणि मायलेकांनी निभावून नेलं.

ज्युनिअर पहिला वगैरे आला नाही. गणितात जेमतेम सहा मार्क वाढले. पण दुसऱ्या सत्रात 'अपूर्ण'चे शेरे फक्त दोन, आणि ते दोन्ही त्याने आईला स्वतःहून वाचायला दिले. गावी जायचा विषय मावशींनी पुन्हा काढला नाही. जून आला आणि गेला.

आपल्या हॉस्टेलच्या आसपास असे बरेच ज्युनिअर आहेत. वॉचमन काकांचे, झेरॉक्सवाल्यांचे, लायब्ररीतल्या शिपाईमामांचे. त्यांना ट्यूशन द्यायची गरज नाही. आठवड्यातून पंधरा मिनिटं त्यांची डायरी बघा, ती आईबाबांना मराठीत समजावून सांगा आणि जमलं तर एकदा त्यांच्याबरोबर शाळेत जा. रंगीत टेप स्टेशनरीच्या दुकानात मिळते. भाजीचा काटा मात्र मावशींना विचारूनच घ्या!