भांडलेल्या घरांची वंशावळ

पूर्वजांच्या शोधात नावे सापडत नाहीत, हा सर्वसाधारण समज खरा नाही. नावे हवी त्याहून जास्त सापडतात, आणि त्यांतली कोणती दोन नावे एकाच माणसाची हे ठरवताना शोध अडतो. १८१८ साली नाशिक इंग्रजी अंमलाखाली आल्यानंतर इथल्या कुटुंबांच्या खुणा मुख्यत्वे तीन प्रकारच्या कागदांत उरल्या: सरकारी जमीनदप्तरात, गोदाकाठच्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, आणि जी घरे ख्रिस्ती झाली त्यांच्या बाबतीत चर्चच्या नोंदवहीत. सरकारला सारा कोण भरणार हे हवे होते, उपाध्यायाला यजमान कोणाचा हे, आणि पाद्र्याला बाप्तिस्मा कोणाचा झाला हे. माणूस एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला, तर तो कसा गेला हे लिहून ठेवण्याची गरज यांपैकी कोणालाच नव्हती.

जमिनीच्या कागदात आडनाव बहुधा नसते. ‘राणू बिन बाळा’, म्हणजे बाळाचा मुलगा राणू, एवढ्यावर खातेदाराची ओळख संपते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजामुळे पुढच्या पिढीत ‘बाळा बिन राणू’ येतो, त्यापुढे पुन्हा ‘राणू बिन बाळा’, आणि शेजारच्या भाऊबंदांतही तीच दोन नावे आलटून पालटून फिरत असतात. अशा वेळी नावाचा माग सोडून जमिनीचा माग धरावा लागतो, कारण मोजणीत पडलेला सर्व्हे नंबर माणसापेक्षा स्थिर असतो. मात्र १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर जिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथे हा आधारही जुळवूनच घ्यावा लागतो. शिवाय जुने महसुली कागद मृगापासून सुरू होणाऱ्या फसली सनात असतात आणि चर्चची वही इसवी सनात. फसलीत ५९० मिळवून इसवी सन काढता येतो, पण वर्षाच्या कोणत्या भागातली नोंद आहे हे पाहिले नाही, तर मुलगा बापाच्या आधी खातेदार होऊन बसतो.

एका वहीतला माणूस दुसऱ्या वहीत ओळखण्याचा हा सांधा शरणपूरच्या बाबतीत सर्वांत अवघड होतो. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकजवळ ही ख्रिस्ती वस्ती वसवली. बाप्तिस्म्याच्या वहीत तारीख, ठेवलेले नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, धंदा आणि विधी करणाऱ्या पाद्र्याची सही असे रकाने असत, आणि अशा नोंदींच्या प्रती मुंबईमार्गे लंडनला जात; त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. काहींची जुनी नावे कायम राहिली, काहींना बायबलमधली मिळाली. आईचे नाव तिथे असते, जे सातबाऱ्यात क्वचितच भेटते. पण नाव बदललेला प्रौढ माणूस कोणत्या गावच्या कोणत्या राणूचा, हे बहुतेक वेळा त्या रकान्यांबाहेर राहते.

जिथे ते कळते, तिथे ते बहुधा भांडणामुळे कळते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म सोडला किंवा जातीतून काढले म्हणून वारसा बुडणार नाही, असे ठरले. त्यानंतर ख्रिस्ती झालेला भाऊ वाटणीसाठी दिवाणी न्यायालयात गेला, की त्याला आपले जुने नाव, नवे नाव आणि बापाशी असलेले नाते एकाच कागदात सांगणे भाग पडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्कनोंदणी आली आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, नियमाने लिहिला जाऊ लागला. तिथेही तक्रार झालेली नोंदच सविस्तर असते. वतनाच्या चौकश्यांत तर दोन्ही पक्षांना वंशावळ मांडावी लागे. कज्जे केलेल्या घराण्याची वंशावळ पक्की मिळते. जे भाऊ गुण्यागोविंदाने वेगळे झाले, ते कागदातून पुसले गेले.

ज्यांच्याकडे भांडायला जमीनच नव्हती, त्यांच्या बाबतीत हा उपायही संपतो. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले शरणपूरच्या आश्रमशाळेत वाढली आणि त्यांना इंग्रजी नावे मिळाली. त्यांतला जेकब वेनराइट १८७३ मध्ये आफ्रिकेचा संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्या सोबत्यांत होता, आणि १८७४ मध्ये तो शवाबरोबर वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला. त्याचे बाप्तिस्म्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत पोचले. पण त्या नावाचा माग काढत उलट गेले, तर वाट नाशिकपाशीच थांबते.

या कामाची रीत २०२३ नंतर बदलली. मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रे देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आला. तोवर लोक पणजोबा शोधायला येत. आता गाव नमुना चौदा, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत जातीच्या जागी लिहिलेला एक शब्द शोधायला येतात. ती गरज खरी आहे, तिची चेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु तिच्या आधारावर जो धंदा उभा राहिला, त्यातले पुष्कळ जण मोडीचे अक्षर लावतात आणि कागद वाचत नाहीत. काही तर घराण्याला थेट राजस्थानापर्यंत नेऊन चौकटीत बसवून देतात. स्कॅन करताना समासातला शेरा कापला जातो आणि जीर्ण पानांना प्लास्टिकचे आवरण चढवले जाते, याचे दुःख अशा चौकटी विकणाऱ्यांना होत नाही.

मात्र प्रस्तुत लेखकाचा हा राग सर्वस्वी निःस्वार्थी नाही. अभिलेख कक्षात दप्तराचा रुमाल सोडून पान घडाघडा वाचताना आजूबाजूच्या कारकुनांनी माना वर करून पाहावे, ही इच्छा वयाबरोबर कमी झालेली नाही. पूर्वी हे सुख एकट्याचे होते, आता त्यात वाटेकरी आले आहेत. याच सुमारास हाताशी आलेली एक शिष्या जिथे सांधा जुळत नाही तिथे जागा कोरी सोडते. प्रस्तुत लेखकाचा हात मात्र तिथे तुटक रेघ ओढतो आणि तिला ‘संभाव्य’ असे नाव देतो. ग्राहक त्या रेघेवर बोट ठेवून ती पुरी होणार नाही का, असे विचारतो, आणि ‘दुसऱ्या कोणाला नाही, पण तुम्हाला जमेल’ हे त्या विचारण्यात गृहीत असल्यामुळे मन सुखावते. अलीकडे वकील मंडळी शिष्येकडे परस्पर जाऊ लागली आहेत, कारण उलटतपासणीत कोरी जागा टिकते आणि तुटक रेघ टिकत नाही. याचा प्रस्तुत लेखकाला आनंद होतो, असे लिहिणे खोटे ठरेल.