खोट्याची निगा

खऱ्या सोन्यावर माझा एक राग आहे. त्याला माणसाची गरजच नसते. हवेने ते काळवंडत नाही, पाण्याने गंजत नाही, चिंच-लिंबाला दाद देत नाही. शंभर वर्षे हंड्यात पुरून ठेवा. वर काढून धुतले की पुन्हा पहिल्यासारखे हसू लागते, आणि पुरणारा कुठे गेला याची साधी चौकशीही करीत नाही. आपण सोने जपतो म्हणतो, ते चोरापासून. सोन्याला स्वतःला आपल्याकडून काहीच नको असते.

खोट्या दागिन्याचे तसे नाही. तो घामाला भितो, अत्तराला भितो, आषाढ-श्रावणातल्या ओल्या हवेला तर फारच भितो. नाजूक प्रकृतीच्या पाहुण्यासारखे त्याचे सगळे सांभाळावे लागते. आणि ज्याचे रोज सांभाळावे लागते, त्याच्यावर माणसाचा जीव जडतो, हे तुम्हां-आम्हांला ठाऊकच आहे.

या दागिन्यांना नावे तरी किती! आमच्या आजीच्या तोंडी ‘गिलिटाचे’, आईच्या तोंडी ‘मुलाम्याचे’. पुढे ‘बेंटेक्सचे’ हे एका मालाचे नाव महाराष्ट्रात सगळ्याच खोट्या दागिन्यांना चिकटले, आणि आता ‘एक ग्रॅमचे’. नावातला तो ग्रॅम प्रत्येक दागिन्यात असतोच असे नव्हे. आत बहुधा पितळ किंवा तांबे, वर सोन्याचा पापुद्रा. हा पापुद्रा किती पातळ असावा? एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यांतला एक भाग, आणि स्वस्तातल्या दागिन्यावर तोही पुरता नाही. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या पन्नासपट तरी जाड भरेल!

पूर्वी सोने पाऱ्यात विरघळवून ते धातूवर चोपडीत आणि तापवून पारा उडवून लावीत. सोने मागे राही. पण पाऱ्याची ती विषारी वाफ कारागिराच्या छातीत जाई. १८०० साली व्होल्टाने विजेची घटमाला बनवली आणि पाचच वर्षांनी, १८०५ मध्ये, इटलीतल्या ब्रुन्यातेल्लीने तिच्या जोरावर सोन्याचा मुलामा चढवून दाखवला. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने या कामाचे पेटंट घेतले, आणि सोन्याचा रंग गरिबाच्या हाताशी आला.

आमच्या मावशीच्या हाताशी तो १९८२ साली आला. त्या जानेवारीत मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. काका गिरणीत होते, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत. आठवड्यांचे महिने झाले, महिन्यांचे वर्ष झाले. पहिल्या पावसाळ्यात मावशीच्या बांगड्या गेल्या, मुलांच्या फिया भरायची वेळ आली तेव्हा पाटल्या गेल्या. पाटल्या मोडून आली त्याच आठवड्यात ती भुलेश्वरला गेली आणि मुलाम्याची एक जोडी घेऊन आली. काका म्हणाले, “कशाला हवंय हे सोंग?” मावशी म्हणाली, “सोंग नाही. हात उघडे दिसले की तुम्हांला रोज त्या पाटल्या आठवतील. मला ते नको आहे.”

मावशीने त्या पाटल्या खऱ्या म्हणून कधी मिरवल्या नाहीत. हळदीकुंकवाला कुणी विचारलेच, “किती तोळ्यांच्या हो?” तर ती हसून सांगायची, “तोळ्यांच्या कुठल्या! वीस रुपयांच्या आहेत.” विचारणारीलाच ओशाळल्यासारखे व्हायचे.

एकदाच मात्र आम्ही सगळे धास्तावलो होतो. तिच्या मुलीला पाहायला मंडळी आली होती. मुलाची आई चहा घेता घेता सारखी मावशीच्या मनगटांकडे बघत होती. आतल्या खोलीतून आम्ही मावशीला डोळ्यांनी खुणावीत होतो, की आज तरी गप्प राहा. पण ती शांतपणे म्हणाली, “मुलाम्याच्या आहेत बरं का. खऱ्या होत्या, त्या संपात गेल्या. मुलं शिकली.” खोलीत कुणी बोलेना. मग त्या बाईंनी कप खाली ठेवला, पाटली जवळून पाहिली आणि विचारले, “इतकी वर्षं इतक्या लख्ख कशा ठेवल्यात? माझ्या तर चार महिन्यांत काळ्या पडतात.” त्यांच्या हातात काय होते ते तेव्हा आमच्या लक्षात आले! सोयरीक जमली. पुढे या दोघी विहिणी मानपानाबद्दल कधी बोलल्या नसतील इतक्या पाटल्यांबद्दल बोलत.

मावशीचे नियम मोजकेच होते. पहिला असा, की खोटा दागिना सगळ्यांत शेवटी घालायचा आणि सगळ्यांत आधी काढायचा. पावडर, अत्तर, केसांचे तेल सगळे आटोपून, अंगावर सुकून गेले की मग पाटली हातात. घरी परतले की लुगडे बदलण्याआधी पाटली बाहेर. अंघोळ, धुणे, भांडी यांच्याशी तिचा संबंध नाही.

दुसरा नियम, काढली की पुसायची. धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचा एक तुकडा तिने खास ठेवला होता. यामागे शास्त्र आहे. मुलाम्याच्या पापुद्र्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. घामातले मीठ त्यांतून आत शिरते, खालच्या तांब्याला गाठते, आणि मनगटावर हिरवे वळ उमटते. ते वळ साबणाने जाते, त्याला घाबरू नये. पण खाज सुटली, पुरळ उठले तर गोष्ट वेगळी. पुष्कळदा मुलाम्याखाली निकेलचा थर असतो आणि काहींच्या कातडीला निकेल सोसत नाही. असा दागिना कितीही सुंदर असो, घालू नये.

तिसरा नियम आपल्या हातांना फार जड जातो. काळे दिसले की घासायचे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले. चिंच, लिंबू, राखुंडी, दंतमंजन! पितळेचा तांब्या त्याने झळकतो, कारण त्याचा वरचा मळका थर निघून जातो. पण मुलाम्याच्या पाटलीचे सगळे वैभव त्या वरच्या थरातच असते. एकदा घासले की खाली पितळ. फारच मळली तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकावेत, मऊ फडक्याने हलकेच फिरवावे, साध्या पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे. खडे डकवलेला दागिना मात्र पाण्यात बुडवू नये, डिंक सुटतो. दोऱ्यात ओवलेली ठुशी किंवा तन्मणीही नको. दोरा ओल धरून बसतो.

चौथा नियम ठेवण्याचा. प्रत्येक दागिना वेगळ्या पिशवीत, म्हणजे एकमेकांवर घासणार नाहीत. पिशवीतली हवा दाबून काढावी. डब्यात फळ्यावरच्या खडूचा तुकडा टाकावा, तो ओल शोषून घेतो. आणि पिशवीला रबर गुंडाळू नये. रबरात गंधक असते, ते धातूला काळे करते. हे मावशीला कुणी सांगितले नव्हते. एका पावसाळ्यात रबराखालची तेवढीच जागा काळी पडलेली तिने पाहिली आणि रबर फेकून दिले.

एवढे करूनही मुलामा एक दिवस झिजतोच, प्रथम आतल्या अंगाने, जिथे कातडीशी घसट असते. मग तो पुन्हा चढवून आणता येतो. मावशीने दोनदा आणला. मुलगा मिळवता झाल्यावर त्याने आईला खऱ्या पाटल्या केल्या. त्या ती लग्नकार्याला घालायची. एरवी हातात जुन्याच.

आता तर हे खोटे घरोघर आले आहे. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या वर गेला. कितीतरी बायका खरे मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून खोटे घालून लोकलने कामाला जातात. गर्दी, घाम, धावपळ सगळे ते खोटे सोसते आणि खरे अंधारात स्वस्थ पडून राहते. कुणी याला नावे ठेवली तर मला आपला दसरा आठवतो. आपट्याचे पान हातावर ठेवून आपण “सोनं घ्या” म्हणतो. देणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला ठाऊक असते. खोटे कुणीच बोललेले नसते. पानांचे सोने वाटणाऱ्यांनी मुलाम्याला हसू नये.

तेव्हा या दिवाळीतही घराघरांत पुष्कळ मुलामा झळकणार आहे, आणि झळकू द्यावा. मात्र फराळ करताना तो हातात नको. बेसनाचे आणि तुपाचे हात पाटलीला लागू नयेत. भाऊबीज आटोपून पाहुणे गेले, रांगोळी विस्कटली, की आपण दमून तशाच आडव्या होतो. त्याआधी दोन मिनिटे काढा, एक मऊ फडके घ्या आणि एकेक दागिना पुसून ज्याच्या त्याच्या पिशवीत ठेवा. पुढच्या वर्षी दिवाळीला तो तुमच्याकडे पाहून हसेल.