रायपूरच्या उन्हाळ्यात स्पॅनिश वाइन

मे महिन्यात रायपूरला गेलात आणि हॉटेलात स्टेकबरोबर स्पॅनिश रेड वाइन मागवलीत, तर आधी बाटलीला हात लावून पाहा. कोमट लागली तर बर्फाची बादली मागवा. लाजू नका!

मी लाजले होते. वाइन रिओहा भागातली, टेम्प्रानिल्यो द्राक्षाची. (स्पॅनिशमध्ये ‘टेम्प्रानो’ म्हणजे लवकर, हे द्राक्ष लवकर पिकतं.) पहिल्या घोटाला नुसता अल्कोहोलचा भपका, आणि मागून कच्ची सुपारी चघळल्यासारखा तुरटपणा. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ असं आपण वाचलेलं असतं. पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. इथे बाहेर ४४ अंश, आणि बाटली बहुधा दिवसभर बारच्या फळीवर उभी!

वीस मिनिटं बर्फात ठेवल्यावर भपका गेला. आलुबुखार जाणवलं, थोडा व्हॅनिलाचा वासही. तो ओकच्या पिंपातून येतो. तुरटपणा मात्र तसाच. तो उतरला स्टेकच्या घासाने. छत्तीसगडमध्ये गोमांसाला बंदी, त्यामुळे स्टेक मटणाचा होता. वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. मांसाची प्रथिनं आणि चरबी मिळाली की त्याचा जोर कमी होतो.

माझ्या मावसभावाने तीच वाइन झणझणीत रश्श्याबरोबर घेतली. तिखटावर अल्कोहोल आणखी जळजळतं. दोन घोटांनंतर त्याने निमूटपणे ताक मागवलं.