ताम्रपट थांबतो तिथून

प्राचीन काळावरची कादंबरी हाती आली की मी आधी बघतो, लेखकाने स्वयंपाकघरात काय शिजवलंय. आमच्या यवतमाळकडे ठेच्याशिवाय भाकर घशाखाली उतरत नाही. पण मिरची आली पोर्तुगीजांच्या काळात. पाचव्या शतकातल्या राणीच्या ताटात ती दिसली की त्या राणीवरचाच माझा विश्वास उडतो. तपशील चोख असेल, तर मात्र लेखक नेईल तिथे जायची माझी तयारी असते. ह. ना. आपट्यांच्या 'चंद्रगुप्त'ने मला पाटलीपुत्रात नेलं, रॉबर्ट ग्रेव्हजच्या 'आय, क्लॉडियस'ने रोमच्या राजवाड्यात. पुढे काय होणार हे इतिहासाने आधीच सांगून ठेवलेलं असतं, तरी जीव टांगणीला लागतो.

खरी ओढ मात्र घराजवळच्या काळाची. वाकाटक राजघराण्याची एक शाखा नंदिवर्धनला, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनला. दुसरी वत्सगुल्मला, आताच्या वाशीमला. आमचा जिल्हा या दोहोंच्या मधोमध.

नंदिवर्धनच्या घरात प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला. मुलं लहान, कारभार तिच्या हाती. तिचा पुणे ताम्रपट तेराव्या वर्षातला आहे. त्यात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते. तेरा वर्षं झाली तरी पोरगा युवराजच! पुढे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तिचा दुसरा ताम्रपट मिळाला. तोवर गादीवर तिचाच मुलगा प्रवरसेन आहे, आणि दिवाकरसेनाचं नावसुद्धा नाही.

मधल्या काळात त्या आईवर काय गुजरलं? वा. वि. मिराशींसारखा साक्षेपी संशोधक अशा ठिकाणी थांबतो, थांबायलाच हवं. कादंबरीकाराने तिथून पुढे जावं. फक्त ताम्रपटातलं एक अक्षरही खोटं पाडू नये, आणि माणसांच्या तोंडी जडजंबाल संस्कृतप्रचुर मराठी घालू नये. खुद्द प्रवरसेनाने 'सेतुबंध' महाराष्ट्री प्राकृतात रचलं. त्याच्या दरबारातली माणसं घरी पोथीतलं बोलत असतील, हे मला पटत नाही.

प्रभावती आपलं गोत्र धारण सांगते. ते माहेरचं, गुप्तांचं. सासरच्या वाकाटकांचं विष्णुवृद्ध. राजमुद्रा सासरची, राज्य सासरचं, आणि दानपत्रात आधी बापाची वंशावळ! ते लिहून घेताना दरबारातले जुने मंत्री काय म्हणाले असतील, एवढ्यावर कुणी अख्खं प्रकरण लिहिलं तरी मी रात्र जागून वाचीन.