कधी लागतो, कधी नाही!

साफ बिघडलेलं यंत्र परवडलं, पण लहरी यंत्र नको रे बाबा! साफ बिघडलेलं निदान दुकानात नेऊन दाखवता येतं. लहरी यंत्र दुकानात शहाण्यासारखं वागतं आणि हॉस्टेलवर आलं की पुन्हा रुसतं. (कॉन्व्हेंटच्या कृपेने माझं मराठीही असंच कधी लागतं, कधी नाही. सांभाळून घ्या!)

माझी रूममेट परभणीकडची. तिच्या दादाने कापसाच्या पैशातून तिला सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला, त्यावर लिनक्स. दिवाळीनंतर तिने स्कॉलरशिपमधून एसएसडी बसवून घेतली आणि तेव्हापासून नाटक सुरू झालं. कधी डेस्कटॉप यायचा, तर कधी नुसता काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. दुकानदाराने न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला." शेजारच्या रूमचा सल्ला, "फॉरमॅट मार!" प्रोजेक्टचं सबमिशन पंधरा दिवसांवर. आपणच वाट लावली असं वाटून ही गप्प गप्प. फोनवर मात्र "मस्त चाललाय रे दादा!" ते काही मला ऐकवेना.

मग आम्ही दोघी बसलो. काळा पडदा असतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं, तर लॉगिन विचारणारी अक्षरं आली! म्हणजे मशीन जिवंत होतं, फक्त चित्राची बाजू उठत नव्हती. तिथूनच डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिनची खिडकी दाखवणारा प्रोग्रॅम, हाताने रीस्टार्ट केला. डेस्कटॉप हजर! मदरबोर्डवरचा संशय तिथेच मावळला.

पुढचे चार दिवस वहीत नोंद ठेवली. २० वेळा चालू केला, ६ वेळा काळा पडदा. मग जर्नलसीटीएल या कमांडने एका चांगल्या आणि एका वाईट वेळेचा लॉग काढून शेजारी शेजारी ठेवला. चांगल्या वेळी आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर तयार, मग डिस्प्ले मॅनेजर सुरू. वाईट वेळी नेमकं उलट, आणि खाली तक्रार, 'नो स्क्रीन्स फाउंड'. फरक अर्ध्या सेकंदाहूनही कमी!

पूर्वी लिनक्स चालू होताना कामं बहुतेक एकामागून एक सुरू व्हायची. २०१० साली आलेला सिस्टमडी बरीच कामं एकदमच सुरू करतो. त्यात एसएसडीचा वेग. नवरदेव मांडवात यायच्या आत अक्षता पडल्या! यालाच रेस कंडिशन म्हणतात. कोण आधी पोचेल ते दर वेळी वेगळं, म्हणून बिघाडही लहरी. म्हणजे लॅपटॉप मरत नव्हता, उलट जरा जास्तच चपळ झाला होता.

उपाय एका ओळीचा. तिचा डिस्प्ले मॅनेजर लाइटडीएम होता. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'लॉगाइंड-चेक-ग्राफिकल' हे सेटिंग 'ट्रू' केलं. आता स्क्रीन तयार असल्याचं कळेपर्यंत तो थांबतो.

लगेच डेस्कटॉप आला. ती नाचायलाच लागली. म्हटलं, "थांब गं, गणित कर." १० पैकी ३ वेळा बंद पडणारं मशीन नुसत्या नशिबाने ओळीने ५ वेळा चालू व्हायची शक्यता १७ टक्के असते. १३ वेळा ओळीने चालू झालं, तर ती १ टक्क्याच्या खाली येते. आम्ही २५ वेळा चालू-बंद केलं. रेक्टर मॅडम दारातून बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. २५ पैकी २५!

त्या रात्री तिने दादाला सगळं खरं सांगितलं, काळ्या पडद्यासकट.

तर मंडळी, 'आपोआप ठीक झालं' म्हणजे ठीक झालं नव्हे. आणि फॉरमॅट मारायच्या आधी एक वही काढा. दहा रुपयांची पुरते.