नकाराचं कारण मागा

शिष्यवृत्ती अर्जाची मुदत संपायला चार दिवस उरले होते. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम निवडला की लागणाऱ्या कागदपत्रांची यादी दिसावी, एवढा बदल मला आमच्या अभ्यासिकेच्या वेबसाईटवर करायचा होता. वर्डप्रेसच्या पानात वीसेक ओळींचा कोड टाकला, अपडेटचं बटण दाबलं. बदल जतन होईना. पासवर्ड बदलला, प्लगइन बंद केले, ब्राउझर बदलला. दोन रात्री गेल्या. मी समाजशास्त्रात एमए केलेली. चूक माझीच असणार, हे मी गृहीत धरलं.

तिसऱ्या दिवशी नीट तपासलं. साधा मजकूर जतन होत होता. कोड अर्धा-अर्धा टाकून पाहिला, तर स्क्रिप्ट टॅगची ओळ आली की अडत होतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये उत्तर दिसलं: ४०३. म्हणजे सर्व्हरला विनंती कळली होती, पण त्याने ती नाकारली होती. माझा कोड वर्डप्रेसपर्यंत पोहोचलाच नव्हता.

होस्टिंग कंपनीला विचारलं, तर सर्व्हरच्या दारावर मॉडसिक्युरिटी आणि ओवास्पचा कोअर रूल सेट असल्याचं कळलं. इथे प्रत्येक संशयास्पद खुणेला गुण मिळतात. गंभीर खुणेला ५ गुण, आणि मूळ मांडणीत अडवण्याची मर्यादाही ५च. एक खूण पुरे! दुसऱ्याच्या पानात स्क्रिप्ट घुसवणं हा खरोखरच हल्ल्याचा प्रकार आहे, म्हणून नियम चुकीचा नाही. पण त्याला फक्त मजकूर दिसतो. लिहिणारी व्यक्ती संपादक आहे की चोर, हे कळत नाही.

कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, सगळं संरक्षणच बंद करून देतो." मी नकार दिला. त्या साईटवर मुलामुलींचे फोन नंबर आहेत. मी माझा आयपी पत्ता आणि नेमकी वेळ कळवून लॉगमधली नोंद मागितली. नोंदीत शेवटी ९४९११० हा क्रमांक होता. तो बंद करू, असं त्याने सुचवलं. पण हा नियम फक्त गुणांची बेरीज पाहून दार लावतो; तो काढला तर अडवणूकच संपते. खरं कारण त्याच्या वरच्या ओळींत होतं: ९४१ने सुरू होणारे, स्क्रिप्ट ओळखणारे नियम. तेवढ्याच नियमांना, आणि पान जतन होतं त्या एकाच पत्त्यापुरती, सूट मागितली. ती मिळाली. मुदतीच्या आदल्या दिवशी यादी साईटवर आली.

मित्रांनो, कार्यालयातून "होणार नाही" ऐकून परतणाऱ्या माणसाला आपण सांगतो, कोणत्या नियमाने नाही म्हणाले ते लेखी आण. मी स्वतः हे शेकडो जणांना सांगितलं असेल. यंत्राने नाही म्हटलं, तेव्हा मात्र दोन रात्री मी स्वतःलाच दोष देत बसले. सर्व्हरच्या नकारामागेही कोणा माणसाने लिहिलेला नियम असतो, आणि त्याला क्रमांक असतो. तो आधी मागा.